डॉक्टर स्टाइल्स आणि आळसाचा रोग

एखादा गडी सूर्य डोक्यावर आला तरी बांधावर बसून राहतो, नांगराचीं दोन तासें घातलीं कीं धापा टाकूं लागतो, त्याची बायको चुलीपुढें डुलक्या घेते, आणि त्याचीं मुलें शाळेंत नांव घालूनही वर्षानुवर्षें पहिल्याच इयत्तेंत राहतात. अशा कुटुंबास गांव काय म्हणतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ऐदी, करंटे, आळशी हे शब्द तयारच असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत पूर्वीं अशीं कुटुंबें फार होतीं, व तेथेंही त्यांस हेंच म्हणत. त्यांच्या प्रांतांतले सुशिक्षित लोक त्यांची थट्टा करीत, आणि उत्तरेकडचीं वर्तमानपत्रें त्यांचीं चित्रें काढून हंसत. हें म्हणणें चुकीचें आहे, ह्या लोकांचा आळस हा स्वभाव नसून रोग आहे, असें ज्या गृहस्थानें दाखवून दिलें तो रोग्यांस औषध देणारा वैद्य नव्हता. तो किड्यांचा अभ्यास करणारा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याचें नांव चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स.

ह्यांचा जन्म १५ मे १८६७ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील स्प्रिंग व्हॅली ह्या गांवीं झाला. वडील मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. घरांत शब्बाथाचा नियम कडक असे, व त्या दिवशीं पवित्र शास्त्रावांचून दुसरें पुस्तक हातांत घेण्याची मोकळीक नसे. मुलास परभाषांची फार आवड; तेव्हां त्यानें तेंच शास्त्र निरनिराळ्या भाषांत मिळवून वाचावयास आरंभ केला, असें सांगतात. नियम मोडला नाहीं व अभ्यासही झाला. पुढें ह्या भाषा त्यांच्या फार उपयोगीं पडल्या, कारण त्या काळीं प्राणिशास्त्राचें उत्तम शिक्षण यूरोपांतच मिळे. ते तिकडे गेले, बर्लिन येथें शिकले, आणि लाइपझिग येथें ल्यूकार्ट नामक विख्यात अध्यापकाच्या हाताखालीं १८९० सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली. मनुष्याच्या व जनावरांच्या पोटांत राहणारे कृमि हा त्या अध्यापकांचा विषय होता, व तोच शिष्यानें उचलला.

स्वदेशीं परत आल्यावर १८९१ सालीं त्यांस सरकारच्या शेतकी खात्यांत, गुरांच्या रोगांचा शोध करणाऱ्या शाखेंत, जागा मिळाली. बकऱ्यामेंढ्यांच्या व गुरांच्या आंतड्यांतील किडे ओळखणें, त्यांचीं चित्रें काढणें, त्यांस नांवें देणें असें हें काम होतें. बाहेरच्या मनुष्यास हें क्षुल्लक वाटावें. परंतु जनावरांच्या आंतड्यांत जो अंकुशकृमि सांपडतो त्याचा एक भाऊबंद मनुष्याच्या आंतड्यांतही राहतो, हें यूरोपांत माहीत झालेलें होतें. इटलींतील दुबिनी नामक डॉक्टरानें १८३८ सालीं मिलान शहरीं तो प्रथम पाहिला होता, आणि १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वताखालील सेंट गोथार्डचा बोगदा खणणाऱ्या मजुरांत त्यानें पुष्कळांचें रक्त आटविलें होतें. मग तो अमेरिकेंत नसेल कशावरून? स्टाइल्स तरुण डॉक्टरांपुढें व्याख्यानें देत तेव्हां त्यांस बजावून सांगत कीं, दक्षिणेंत पंडुरोगाचा रोगी भेटला तर त्याचा मळ सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासून पाहावा. फार थोड्यांनीं मनावर घेतलें.

येथें ह्या कृमीची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व गोष्ट तिच्यावरच उभी आहे. हा कृमि अर्ध्या इंचाहूनही लहान व दोऱ्यासारखा असून त्याचें डोकें अंकुशासारखें मागें वळलेलें असतें. त्यावरून त्यास इंग्रज लोक हुकवर्म म्हणतात. तो आंतड्याच्या आंतील त्वचेस तोंडानें घट्ट धरून रक्त शोषितो. एका कृमीनें मनुष्य मरत नाहीं. परंतु शेंकडों कृमि वर्षानुवर्षें रक्त पिऊं लागले म्हणजे चेहरा मेणासारखा पिंवळट पडतो, पोट पुढें येतें, खांद्याचीं हाडें पंखांसारखीं वर निघतात, मुलांची वाढ खुंटते. पंधरा वर्षांचा मुलगा नऊ वर्षांचा दिसतो. कित्येकांस माती खाण्याची ओढ लागते. मादी दररोज हजारों अंडीं घालते, व तीं मळावाटे बाहेर पडतात. पोटांत असतां तीं फुटत नाहींत. त्यांस जमीन पाहिजे. भूमि उबदार, ओलसर, रेताड व सांवलीची असली कीं एकदोन दिवसांत अंड्यांतून अळी निघते, आणि आठवड्याच्या सुमारास ती मनुष्याच्या अंगांत शिरण्यास योग्य होते.

ती शिरते कशी? पुष्कळ दिवस विद्वानांसही वाटे कीं पाण्यावाटे किंवा न धुतलेल्या हातांवाटे तोंडांतून जात असावी. १८९८ सालीं मिसर देशांत कैरो शहरीं लूस नांवाचा एक जर्मन पंडित काम करीत असतां अळ्यांनीं भरलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला. जागा लाल झाली व खाजूं लागली, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्याच मळांत अंडीं दिसूं लागलीं. अळी कातडींतून शिरते! ती रक्तावाटे फुप्फुसांत जाते, तेथून घशांत चढते, गिळली जाते, आणि येणेंप्रमाणें आंतड्यांत जाऊन वस्ती करते. अमेरिकेच्या दक्षिण भागांत अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत उन्हाळ्यांत खाज सुटे व फोड येत. आया म्हणत कीं सकाळचें दंव बाधलें. दंवाकडे दोष नव्हता. ज्या झुडुपांआड घरचीं माणसें बहिर्दिशेस जात तेथेंच मुलें खेळत, आणि कृमीनें त्यांच्या पायांतून घरांत परत येण्याची वाट शोधून काढली होती.

१९०२ सालीं दक्षिणेंतून आलेल्या रोग्यांचे व पोर्टो रिको बेटांतले कृमि तपासतां स्टाइल्स ह्यांस दिसून आलें कीं हा यूरोपांतल्याहून निराळ्या जातीचा आहे. त्यांनीं त्याचें वर्णन छापिलें. पुढें ती जात नेकेटर अमेरिकॅनस म्हणून प्रसिद्ध झाली. ह्या लॅटिन नांवाचा अर्थ अमेरिकेंतील मारेकरी असा आहे. नांव देण्यांत घाई झाली म्हणावयाची, कारण हा मारेकरी मूळचा अमेरिकेंतला नव्हे, आफ्रिकेंतून गुलामांच्या जहाजांबरोबर आला असावा असें पुढें दिसून आलें. असो. त्याच वर्षीं ते सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांत गेले व सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन दक्षिणेस निघाले. यूरोपांत हा रोग खाणींत व विटांच्या भट्ट्यांवर सांपडला होता म्हणून त्यांनीं प्रथम खाणी पाहिल्या. तेथें विशेष कांहीं आढळलें नाहीं. मग रेताड जमिनीच्या भागांत शिरून साउथ कॅरोलिना संस्थानांत शेतकऱ्यांचीं कुटुंबें तपासलीं, तेव्हां रोगी खोऱ्यानें सांपडूं लागले. चिकण मातीच्या मुलखांत थोडे, वाळूच्या मुलखांत फार. ज्यांस सारें जग आळशी म्हणत होतें तेच हे.

डिसेंबर १९०२ मध्यें वॉशिंग्टन शहरीं भरलेल्या एका परिषदेंत त्यांनीं हें सर्व मांडलें. तेथें एक बातमीदार बसला होता. दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पत्रांत, आळसाचा जंतु सांपडला, अशा अर्थाचा मथळा झळकला. सारा देश हंसला. नाटकशाळांत व व्यंगचित्रांत त्याचे विनोद झाले. हंसण्यापेक्षांही वाईट हें कीं दक्षिणेचे लोक चिडले. चाळीस वर्षांपूर्वीं यादवी युद्धांत त्यांचा पराभव झाला होता, आणि आतां उत्तरेचा एक सरकारी नोकर येऊन सांगतो कीं तुमच्या पोटांत किडे आहेत, व तुमच्या घरांस संडास नाहींत! स्टाइल्स ह्यांचा स्वभावही मऊ नव्हता. जें दिसलें तें ते सभेंत, स्त्रीपुरुषांदेखत, उघड्या शब्दांनीं बोलत. संडास हा शब्द चारचौघांत उच्चारणें त्या काळीं असभ्य गणलें जाई. ह्यांनीं तर त्याच विषयावर व्याख्यानें दिलीं. सहा वर्षें ते असे एकटेच बोलत राहिले, आणि औषधास पैसा कोणी दिला नाहीं.

काम पुढें सरकलें तें एका आगगाडींत. १९०८ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं खेड्यांतील लोकांची स्थिति पाहण्यास एक मंडळ नेमलें होतें, व त्याबरोबर स्टाइल्स प्रवास करीत होते. नॉर्थ कॅरोलिनांतील एका स्टेशनावर फलाटावर एक मनुष्य उभा होता; फिक्कट, वांकलेला, डोळ्यांत तेज नाहीं. आयोवा संस्थानाहून आलेले हेन्री वॉलेस ह्यांनीं विचारलें कीं हा कोण प्राणी. वॉल्टर पेज नामक संपादक जवळच होते व ते त्याच प्रांतांत जन्मलेले होते. त्यांनीं खेदानें उत्तर केलें कीं आमच्याकडे असे लोक पुष्कळ आहेत, त्यांस गरीब गोरे म्हणतात. तेव्हां स्टाइल्स ह्यांनीं सांगितलें कीं हा मनुष्य जन्मतः असा नाहीं, ह्यास कृमीचा रोग आहे, आणि अर्ध्या डॉलराच्या औषधानें तो कांहीं आठवड्यांत कामाचा होईल. पेज ह्यांच्या मनास हें लागलें. ज्या लोकांची आपण जन्मभर लाज बाळगली ते आजारी होते, आणि आपणांस तें ठाऊक नव्हतें!

पेज ह्यांनीं स्टाइल्स ह्यांची गांठ वॉलेस बट्रिक ह्यांच्याशीं घालून दिली. हे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक असून जॉन रॉकफेलर ह्या महाधनाढ्य तेलव्यापाऱ्याच्या विद्यादानाचा कारभार पाहत. दोघे एका खोलींत बसून रात्रीं फार वेळ कृमीविषयींच बोलत राहिले. रॉकफेलरांचे मुख्य सल्लागार गेट्स हेही पूर्वीं बॅप्टिस्ट पाळक होते. त्यांनीं चौकशी केली, आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं पांच वर्षांच्या कामासाठीं १० लक्ष डॉलर देण्यांत येऊन एक आरोग्य मंडळ स्थापन झालें. पाळकाचा मुलगा बोलला, आणि दोन पाळकांनीं ऐकलें, असें म्हणावें तर गोष्ट फारच गोड होते. म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं ह्या कामास पहिला मोठा विरोध करणाऱ्यांत जॉर्जियांतील वॉरन कँडलर हे बिशप होते, आणि ते स्टाइल्स ह्यांच्या वडिलांप्रमाणेंच मेथडिस्ट होते. दक्षिणेची बदनामी करून तिला उत्तरेच्या पैशानें विकत घेण्याचा हा डाव आहे असें त्यांचें मत. बाजारांत तर अशी कंडी पिकली कीं रॉकफेलर आतां जोड्यांचें दुकान घालणार आहे, म्हणून अनवाणी चालूं नका असें सांगत सुटला आहे.

मंडळाचा मुख्य कारभारी म्हणून टेनेसींतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक विक्लिफ रोज ह्यांची नेमणूक झाली. स्टाइल्स शास्त्रीय चिटणीस झाले. आमच्या मतें ही योजना शहाणपणाची होती. रोज हे दक्षिणेचेच, बोलण्यांत सौम्य, व मागें राहून दुसऱ्यास पुढें करणारे. त्यांनीं ठरविलें कीं हें काम आमचें नव्हे, त्या त्या संस्थानाचें व त्या त्या काउंटीचें आहे. काउंटी म्हणजे संस्थानाचा एक विभाग, आपल्याकडील तालुक्याच्या जागीं मानावा; तिची कचेरी, तिचे निवडलेले पंच, तिचा कर, सर्व स्वतंत्र असे. तिच्या आरोग्याची काळजी त्या वेळीं कोण घेई? बहुधा एखादा खाजगी डॉक्टर, ज्यास वर्षाला थोडीशी रक्कम देऊन तुरुंगांतले व अनाथगृहांतले रोगी पाहावयास सांगत. देवीची सांथ आली तर तो धांवे. एरवीं आपला धंदा करी. खेड्यांत किती मुलें जन्मलीं, किती मेलीं, कशानें मेलीं, ह्याची धड नोंदही पुष्कळ ठिकाणीं नसे.

काउंटीचा दवाखाना कसा चाले तें ऐकण्यासारखें आहे. संस्थानाचा अधिकारी प्रथम काउंटीच्या पंचांपुढें जाऊन औषधाच्या व जाहिरातीच्या खर्चासाठीं कांहीं रक्कम मागे. डॉक्टराचा पगार मंडळ देई, परंतु कांहीं तरी काउंटीनें दिलेंच पाहिजे असा आग्रह असे. फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी राखण करीत नाहीं हें रोज जाणून होते. मग भिंतींवर पत्रकें लागत, आणि ठरलेल्या वारीं ठरलेल्या गांवीं, शाळेंत, प्रार्थनामंदिरांत किंवा नुसत्या झाडाखालीं, एक डॉक्टर व एक सूक्ष्मदर्शक यंत्रवाला येऊन बसत. पहिल्या आठवड्यास थोडे लोक येत व लाजत. लहानशा डबींत मळाचा नमुना घालून आणावा लागे. डबी पदराखालीं लपवून बायका रांगेंत उभ्या राहत. यंत्रवाला अंडीं सांपडलीं कीं आईस जवळ बोलावून नळींतून पाहावयास लावी. बाटल्यांत भरलेले खरे कृमि मेजावर मांडलेले असत. एकदां आपल्या मुलाच्या पोटांतली वस्तु डोळ्यांनीं पाहिल्यावर वादविवाद उरत नसे.

औषध म्हणजे थायमॉल. हें दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या घरोघरच्या ओंव्याचें फूल होय. त्या काळीं हिंदुस्थानांतून ओंवा जर्मनींत जाई, तेथें त्याचें फूल काढीत, आणि तें अमेरिकेंत पोहोंचे. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर तें मिळेनासें झालें व भाव फार चढले, ह्यावरून आपल्या शेतांतील बी किती दूर जाऊन कामास लागलें होतें हें समजतें. रात्रीं जुलाबाचें मीठ, सकाळीं थायमॉलच्या पुड्या, दुपारीं पुन्हां जुलाब. त्या दिवशीं तेल, तूप, लोणी व दारू वर्ज्य. कारण त्यांत तें औषध विरघळून रक्तांत शिरतें व विषासारखें बाधतें. आमच्या वाचकांनीं हा उपाय घरीं करून पाहूं नये. औषध जालीम होतें आणि डॉक्टराच्या नजरेखालीं दिलें जाई. आतां त्याहून निर्धास्त गोळ्या आहेत, व भारतांत २०१५ पासून राष्ट्रीय कृमिनाशक दिनीं शाळांत व अंगणवाड्यांत मुलांस त्या फुकट देतात.

दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यास पहिले रोगी परत येत, आणि खरी जाहिरात तेच करीत. गालांवर रंग आलेला मुलगा गाडीवरून उडी मारून उतरतो हें पाहिल्यावर पत्रकांची जरूर उरत नसे. वीस वीस मैलांवरून खेंचरांच्या गाड्या येत, माणसें शिदोरी बांधून आणीत, झाडाखालीं जेवत, भक्तिगीतें गात. कांहीं ठिकाणीं दवाखान्याच्या दिवसाला जत्रेचें रूप येई. एकेका दिवशीं शेंकडों लोक तपासले जात. पांच वर्षांत अकरा संस्थानांत सुमारें ७ लक्ष लोकांस औषध मिळालें. शाळेंतील मुलें तपासलीं तेव्हां सरासरीनें शंभरांत सुमारें चाळीसांच्या पोटीं हा कृमि निघाला.

परंतु स्टाइल्स ह्यांस ह्या जत्रेनें समाधान नव्हतें, आणि ह्या एका गोष्टींत ते सर्वांहून दूरदर्शी होते असें आम्हांस वाटतें. औषधानें पोट साफ होतें. अंगण साफ होत नाहीं. बरा झालेला मुलगा त्याच झुडुपांआड जाई, त्याच वाळूंत अनवाणी खेळे, आणि वर्षादोन वर्षांत कृमि पुन्हां त्याच्या पोटीं येई. मंडळानें खेड्यांतील अडीच लक्षांच्या सुमारास घरें पाहिलीं, तेव्हां निम्म्या घरांस कोणत्याही प्रकारचा संडास नव्हता. शाळांची व प्रार्थनामंदिरांची स्थिति पुष्कळ ठिकाणीं तीच. म्हणून स्टाइल्स संडासाच्या मागें लागले. आरोग्य खात्यांतील लम्सडेन व रॉबर्ट्स ह्या सोबत्यांबरोबर त्यांनीं पिंपाचा एक स्वस्त नमुना तयार केला. त्यांत पाणी व वर तेलाचा थर असे, म्हणजे माशी बसत नाहीं व मळ जमिनीस लागत नाहीं. लोक त्यांस ह्यावरून चिडवीत. त्यांनीं पर्वा केली नाहीं.

आतां संडास बांधा असें सांगणारा मनुष्य दवाखान्याबरोबर सहा आठवड्यांनीं निघून गेला तर तो बांधणार कोण, व बांधलेला पाहणार कोण? ह्या प्रश्नांतूनच काउंटीच्या कायमच्या आरोग्य खात्याची जरूर लोकांस पटली. सारी कल्पना ह्या मोहिमेंतूनच निघाली असें मात्र नाहीं. वॉशिंग्टन संस्थानांतील याकिमा काउंटीनें विषमज्वराच्या सांथीनंतर, व नॉर्थ कॅरोलिनांतील गिलफर्ड काउंटीनें, १९११ सालींच पुऱ्या वेळेचा आरोग्य अधिकारी नेमला होता. परंतु गरीब, शेतकरी काउंट्यांस हें परवडतें व फळतें असा विश्वास दवाखान्यांनीं उत्पन्न केला. १९१२ सालीं नॉर्थ कॅरोलिनांतील रॉब्सन ह्या निव्वळ खेड्यांच्या काउंटीनें असें खातें उघडलें, आणि मग एकीमागून एक काउंट्या पुढें आल्या. रॉकफेलरांच्या मंडळाच्या जागीं आलेल्या संस्थेनें त्यांच्या खर्चाचा कांहीं वांटा आरंभीं उचलावा व वर्षानुवर्षें तो कमी करीत जावा अशी रीत पाडली. पुढें १९३५ च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारचा पैसाही ह्या खात्यांस मिळूं लागला.

ह्या खात्याचें काम त्या काळीं दिसण्यांत मोठें नसे. एक डॉक्टर, एक दोन परिचारिका, एक स्वच्छता निरीक्षक व एक कारकून. जन्ममृत्यूंची नोंद ठेवणें, देवी काढणें, विषमज्वराची लस टोंचणें, शाळेंतल्या मुलांचे डोळे, दांत व घसा तपासणें, सुइणींस हात धुण्याचें वळण लावणें, दूध पाहणें, विहिरीचा काठ बांधून घेणें, आणि ज्याच्या घरीं संडास नाहीं त्याच्याकडे पुन्हां पुन्हां जाऊन बसणें. ज्या निरीक्षकाचें येणें घरधन्यास नको वाटे त्यालाच पुढल्या वर्षीं तो घरधनी आपला नवा संडास हौसेनें दाखवी.

स्टाइल्स ह्यांचे दोष झांकून चरित्र लिहिणें आम्हांस पसंत नाहीं. ते मानी होते, व मोहिमेचें श्रेय दुसऱ्यांकडे गेलें असें वाटून कष्टी असत. सुताच्या गिरण्यांत लहान मुलें राबत, त्यांच्या फिकेपणाचा दोष त्यांनीं १९१२ च्या अहवालांत बहुतांशीं कृमीवर घातला, आणि शेतावरल्या झोंपडीपेक्षां गिरणीचें गांव बरें असें म्हटलें. कृमीविषयीं तें पुष्कळ अंशीं खरें होतें. पण गिरणीमालकांस आयतें निमित्त मिळालें, आणि बालमजुरी बंद करण्यासाठीं झटणारे लोक ह्यांच्यावर रागावले तें उगाच नव्हे. ज्यानें सर्वत्र कृमि शोधला त्यास बारा तासांची पाळी दिसली नाहीं. दुसरी गोष्ट कृष्णवर्णी लोकांविषयींची. कृमि आफ्रिकेंतून आला व काळ्या लोकांस त्याची बाधा कमी होते, म्हणून गोऱ्यांनीं स्वतःच्या रक्षणासाठीं तरी त्यांच्या घरांस संडास बांधून द्यावे, असा त्यांचा युक्तिवाद असे. त्यानें कांहीं संडास बांधले गेले असतील. परंतु ज्यांस साखळदंड घालून जहाजांत कोंबून आणलें त्यांच्याच माथीं रोगाचा बोल लागला, आणि त्यांचीं मुलें त्यांच्याच हितासाठीं बरीं करावींत हा विचार मागें पडला.

कृमीचा समूळ नाश पांच वर्षांत होईल ही मंडळाची आशा फळली नाहीं. १९१४ च्या अखेरीस मोहीम आटोपली तेव्हां कृमि ठिकठिकाणीं होताच. तो पुढें हळूहळू मागें हटला. संडास, जोडे, बरें अन्न, काउंटीचा निरीक्षक व शेत सोडून शहरांत गेलेलीं माणसें, ह्या सर्वांनीं मिळून त्यास हटविलें.

स्टाइल्स सरकारी नोकरींत १९३१ पर्यंत राहिले. उतारवयांत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील फोर्ट कॅसवेल येथें त्यांनीं सोबत्यांसह एक प्रयोग केला, तो विहीर असलेल्या प्रत्येक गांवानें ऐकावा. वाळवंटांत चर खणून त्यांत मैला व रंग सोडला, आणि भोंवतीं ठिकठिकाणीं कूपनलिका खणून त्यांचें पाणी तपासलें. मैल्यांतील जंतु जमिनीखालच्या पाण्याबरोबर दोनशे फुटांहून अधिक दूर गेले. पाणी ज्या बाजूस वाहतें त्याच बाजूस ते गेले. उलट दिशेस नाहीं. शौचकूप विहिरीच्या उताराच्या बाजूस असावा, चढाच्या बाजूस नसावा, आणि झऱ्याच्या पाण्यापर्यंत खोल नसावा, ह्या नियमास आधार देणाऱ्या प्रयोगांत ह्याची गणना होते.

१९२१ सालीं राष्ट्रीय विज्ञानमंडळानें त्यांस लोककल्याणाचें पदक दिलें. प्राण्यांच्या नांवांचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे ते १८९८ पासून १९३६ पर्यंत चिटणीस होते, आणि तें काम त्यांनीं संडासाइतक्याच चिकाटीनें केलें. १९३९ सालीं त्यांनीं कृमीच्या मोहिमेच्या आरंभाची हकीकत स्वतः लिहून छापिली. २४ जानेवारी १९४१ रोजीं बाल्टिमोर शहरीं ते वारले. त्या वर्षीं अमेरिकेंतील सुमारें तीन हजार काउंट्यांपैकीं हजाराहून अधिक काउंट्यांत पुऱ्या वेळेचें आरोग्य खातें चालू होतें, व निरीक्षक मोटारींत फळ्या व खिळे घालून खेडोपाडीं जात होते.